छोट्या स्पोर्ट्स कारला काय हवं: जास्त सीसी की जास्त हॉर्सपॉवर?

समीर:
होंडा एस२००० या स्पोर्ट्स कारचंच उदाहरण घेतो. १९९९ मध्ये ती १९९७ सीसीच्या इंजिनासह आली. जपानमध्ये २५० पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर), तेही टर्बोशिवाय, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय, आणि ८३०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतके फेरे फिरताना. पुढे होंडाने इंजिन २१५७ सीसीचं केलं आणि जपानी गाडीची पॉवर २४२ वर उतरली. तरी माझ्या मते गाडी सुधारली! आठ पीएस गेले, पण खालच्या आरपीएमला ओढ आली. वळणातून बाहेर पडताना आपण ८३०० वर नसतो हो, ४००० च्या आसपास असतो.

मृणाल:
अजिबात पटलं नाही. एस२००० मध्ये वळणातून ४००० वर बाहेर पडत असाल, तर तुम्ही गिअर चुकीचा लावलाय. व्हीटेकचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा, मोठा कॅम साधारण ६००० ला लागतो. एक गिअर खाली टाका, पुढे ९००० पर्यंत तो गिअर ताणता येतो. आणि चाकाला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, गिअरने गुणून येतो. इंजिन जास्त फिरणारं असेल तर गिअर आखूड, म्हणजे टॉर्क जास्त पटीने गुणणारे, ठेवता येतात, म्हणून कमी टॉर्क असूनही गाडी पळते. टॉर्क आणि आरपीएम मिळून जे होतं, हॉर्सपॉवर मोजते ते हेच.
शिवाय ते वाढीव सीसी फुकट आले नाहीत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८७ मिमीच राहिला; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, ८४ वरून ९०.७ मिमी झाला. तो प्रवास लांबला, म्हणून रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ८००० वर आली. लिटरमागे १२५ पीएस देणारं इंजिन होतं ते, त्याचा जीवच वरच्या आरपीएममध्ये होता.

समीर:
लिटरमागे किती, हे इंजिन बनवणाऱ्याचं कौतुक. चालवणाऱ्याला त्याचं काय? २०१२ ची टोयोटा ८६ ही स्पोर्ट्स कार घ्या: १९९८ सीसी, २०० पीएस, आणि ४००० च्या आसपास टॉर्कमध्ये चक्क खड्डा. कमाल २०५ एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) मिळायला ६४०० गाठावे लागायचे. तिच्या पुढच्या पिढीला, जीआर८६ ला, २३८७ सीसी दिले आणि २५० एनएम ३७०० लाच हातात आले.

ओंकार:
मग टर्बो लावा की. टोयोटाचीच छोटी जीआर यारिस बघा: १६१८ सीसी, तीन सिलिंडर, २०२० मध्ये आली तेव्हाच युरोपात ३६० एनएम.

मृणाल:
ओंकार, वेगासाठी ठीक. पण पाय दाबल्याबरोबर मिळणारा प्रतिसाद टर्बोत तसा येत नाही.
समीर, जीआर८६ ची पॉवरही २३५ झाली, ते सोडून दिलंत. माझ्दाने २०१८ मध्ये एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचं दोन लिटरचं इंजिन दोन लिटरचंच ठेवलं, रेडलाइन ६८०० वरून ७५०० केली आणि युरोपात पॉवर १६० वरून १८४ पीएसवर नेली. टॉर्क जेमतेम ५ एनएमने वाढला. सांगा, ती गाडी बिघडली का?