जेरुसलेम आणि भोवताल : जाऊन आलेल्यांनो, लिहा

आई-बाबांना घेऊन जेरुसलेमला जायचं घाटतंय. टूरवाल्यांची यादी वाचूनच दम लागतो : सकाळी जैतुनाचा डोंगर, दुपारी बेथलेहेम, दुसऱ्या दिवशी वाळवंटातला मसादाचा डोंगरी किल्ला आणि मृत समुद्र. वेळ कुठे द्यावा, काय गाळलं तरी चालेल? स्वतः पाहिलेलंच लिहा.

वसईची मावशी
आम्ही आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. येशूची कबर मानतात त्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये एवढी रेटारेटी की प्रार्थना मनातल्या मनातच राहिली. त्यापेक्षा लायन्स गेटमधून आत शिरल्यावरचं संत आन्नाचं चर्च पाहा. बाराव्या शतकातलं, क्रुसेडरांचं, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं. आत नक्षीकाम जवळजवळ नाहीच, पण आवाज असा घुमतो की आम्ही मराठी गीत धरलं आणि दहा-बारा बायकांचा भरगच्च क्वायर झाला! आमच्यामागे कुठल्याशा दुसऱ्या देशाचा ग्रुप आपली पाळी यायची वाट बघत उभा. अंगणातच बायबलमधल्या बेथेस्दाच्या तळ्याचे अवशेष आहेत, वरून डोकावून बघायचे.

पाटबंधारेवाला
मी देवभोळा नाही, पण हिज्कीया राजाचा बोगदा चुकवू नका. असिरियन लोक वेढा घालतील म्हणून गीहोन झऱ्याचं पाणी तटाच्या आत, शिलोहाच्या तळ्याकडे वळवलं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. लांबी ५३३ मीटर, उतार जेमतेम ३० सेंटिमीटर! दोन टोळ्या दोन टोकांकडून नागमोडी खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांची दिशा एका जागी उलटते, तिथे टॉर्च मारून बघाच. या भेटीचं वर्णन कोरलेला शिलालेख १८८० मध्ये सापडला, तो आता इस्तंबूलला आहे. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत आणि गारठा. काही ठिकाणी वाकून चालावं लागतं. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांच्यासाठी शेजारी कोरडा बोगदा आहे.

अशदोदहून
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद. इथे तर त्यासाठी शुक्रवारी दुपारपासून जवळजवळ सगळी बससेवाच बंद, तेव्हा बेत त्या हिशेबाने आखा. मंदिर टेकडीवर, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या आवारात, मुस्लिमेतरांना शुक्रवारी-शनिवारी सोडत नाहीत. ज्यू प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीपाशी पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसली तर तिथे मिळते. आणि निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवाससूचना जरूर वाचा, इथलं चित्र पटकन बदलतं.

एकटा फिरस्ता
पवित्र कबरीच्या चर्चबद्दल मावशींशी असहमत. पहाटे जा. किल्ली एका मुस्लिम घराण्याकडे, दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. आत सहा ख्रिस्ती पंथांची वाटणी. दर्शनी खिडकीखालची लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तिथेच, कारण ती हलवायची तर सगळ्यांचं एकमत हवं! आपल्याकडच्या सोसायट्या बऱ्या म्हणायच्या. हेरोद गेटजवळ भारतीय धर्मशाळाही आहे, सूफी संत बाबा फरीद यांच्या मुक्कामाशी जोडलेली.

मसादा मात्र गाळा. म्हणजे वाईट नाही, पण ज्येष्ठांना ते ऊन झेपत नाही.

धागाकर्ती
बोगदा बाबांना, संत आन्ना आईला, ठरलं. बेथलेहेमच्या जन्मस्थान चर्चचं दार सव्वा मीटरच उंच आहे म्हणे. आईला कंबरेतून वाकता येत नाही. दुसरीकडून आत घेतात का, कुणी विचारलंय?