महालक्ष्म्यांच्या मागं लावायला कातरणाचं वॉल हँगिंग करायचंय, कापड, शिलाई, टांगणं सगळ्याचाच सल्ला द्या

परभणीची_सून
नमस्कार मंडळी. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे गौरी असतात. दरवर्षी मागं तेच फ्लेक्सचं कमळ, आधी थर्माकोलचं मखर असायचं पण त्यावर २०१८ पासून बंदीच आहे, म्हणून यंदा म्हणलं घरातल्याच कापडाचं काहीतरी हातानं करावं, म्हणजे नंतर दिवाळीतही हॉलमधी लावता येईल. शेजारच्या टेलरनी पोतंभर कातरण दिलंय, त्यात ब्लाउजपीस, अस्तर, सॅटिन, थोडे खणाचे तुकडे असं सगळंच आहे. सासूबाईंच्या जुन्या इरकली आहेत आणि एक पैठणी, पदर चांगलाय पण अंग पार विरलंय. ४ फूट उंच आणि ५ फूट रुंद करावं म्हणते. घर भाड्याचं, मालक खिळा ठोकू देत नाहीत. मशीनवर मला सरळ शिलाईच येते. ग्लू गननं चिकटवलं तर चालतं का? व्हिडिओत सगळे चिकटवतानाच दिसतेत.

वाकळवाली_धाराशिव
ग्लू गन नकाच ओ ताई. एका दिवसाच्या बर्थडेला ठीक आहे. तुम्हाला हे घडी घालून वर्षभर माळ्यावर ठेवायचंय, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा कसा तापतो माहितीय ना, ग्लू मऊ पडतो आणि घडीला घडी चिकटून बसते. मैद्याची खळ तर त्याहून वाईट, कसर लागते. सरळ वाकळीसारखं, म्हणजे गोधडीसारखं शिवा. खाली एक जुनी सुती चादर घ्या, नवा मांजरपाट घेतला तर आधी धुऊन आटवून घ्या नाहीतर नंतर सगळं गोळा होतं. त्यावर तुकडे मांडायचे, कडा पाव इंच आत दुमडायच्या आणि धावदोरा. कोयरीच्या टोकाला गडबड होते सगळ्यांची. तिथं आधी टोक आत दुमडा, नखानं दाबा, मग डावी बाजू, मग उजवी, आणि टोकावर दोन टाके जागच्या जागी घालून पुढं जा. दोरा दुहेरी घ्या पण हातभरच, लांब घेतला की गाठी पडतात. टाके वाकडे आले तरी उसवत बसू नका, वाकळीची मजाच ती आहे. आणि शिवत जायचं ते कडेपासून आत, गोल गोल, म्हणजे कडा ताठ राहतात.

टेलर_नांदेड
ताई आधी ते पोतं निवडा. सुती एकीकडं, सॅटिन आणि टेरिकॉट एकीकडं, खण वेगळा. एकाच पट्टीत जाड खण आणि पातळ अस्तर जोडलं की अस्तर ओढलं जातं. सॅटिनला पाठीमागून चिकट बकरम इस्त्रीनं मारा आणि मगच कापा, नाहीतर कापता कापता दोरे सुटून निम्मा तुकडा जातो. इस्त्री कमी ठेवा, वर सुती रुमाल टाका, सॅटिन वितळतं. उरेब म्हणजे तिरपे कापलेले तुकडे कातरणात लई असतात, गळ्याच्या पट्ट्या काढून उरलेले, ते ताणले जातात म्हणून त्यांना पण बकरम लावा. मशीनची सुई १६ नंबर घाला आणि टाका मोठा ठेवा. लाल, मरून, गर्द हिरवं जे असेल ते पांढऱ्या ओल्या फडक्यानं चोळून बघा, रंग सुटला तर ते कापड वापरूच नका. मिठाच्या पाण्यात घाला म्हणतेत लोक, माझा त्याच्यावर भरवसा नाही.

अंबाजोगाईची_काकू
सगळे शिवणकामात घुसलेत, कुणी विचारतच नाही की दिसणार काय आहे 😀 अगं बाळा, महालक्ष्म्या टेबलावर उभ्या केल्या की मुकुटासकट साडेतीन फूट होतात, त्यात साड्यांच्या निऱ्या फुलवलेल्या. ४ फुटाचं हँगिंग केलंस तर वर अर्धा फूटच दिसणार आणि मधली सगळी मेहनत देवीच्या पाठीमागं. ५ फूट उंच कर. कमळ, कोयऱ्या, मोर जे काय करायचं ते वरच्या दीड फुटात आणि दोन्ही कडांना. मधे नुसत्या साध्या पट्ट्या जोड, तिथं ते अस्तराचं कापड संपव. आणि रंग! साड्या भडक असतात, मागं पण लाल-पिवळा-जांभळा केलास तर मुखवटे उठून दिसत नाहीत. मागं मळका पांढरा, फिका बदामी नाहीतर इरकलीचा काळपट निळा ठेव, भडक फक्त कडेला. पावलं भिंतीवर काढू नको, पावलं दारातून आत येतात, भिंतीवर चढत नाहीत.

वाकळवाली_धाराशिव
काकूंचं एकदम बरोबर 👆 मी हे लिहायलाच पाहिजे होतं.

जालनेकर
पैठणी कापू नका एवढंच सांगायचं होतं. जुनी जर आता मिळत नाही.

परभणीची_सून
दादा पण ती नेसायच्या लायकीची राहिली नाही ओ, हात लावला की फाटायली. ट्रंकेत ठेवून काय करू?

वाकळवाली_धाराशिव
कापायची गरजच नाही. अंगाचं विरलेलं कापड पाठीमागं दुमडा, पदर अख्खा ठेवा, त्याला खालून मलमल लावा आणि बारीक टाक्यांनी मलमलीवर धरा. टाका जरीतून नको, जरीच्या शेजारून. तो पदर वर मधोमध आला की दुसऱ्या डिझाइनची गरजच नाही. इस्त्री करू नका आणि तिथं घडी तर घालूच नका, सगळं हँगिंग पाइपला गुंडाळून ठेवा, वरून सुती कापड. दिवाळीत लावलं तरी उन्हाच्या भिंतीला नको, रेशीम उन्हानं आणखी विरतं.

हिंगोली_मीच
खालच्या कडेला कवड्या आणि घुंगरं लावा, वजनानं कापड सरळ पडतं. बंजारा तांड्यावरच्या बाया आरशाच्या आणि कवड्यांच्या पट्ट्या शिवून देतात, आमच्या बाजारात पण येतात, पण भाव करत बसू नका प्लीज, डोळे जातात त्या कामात. आणि त्यांचे जुने घागरे विकत घेऊन कापायची फॅशन आलीय, ते मला तरी पटत नाही.

टेलर_नांदेड
टांगायचं राहिलंच की. पाइप ओवायला वर तीन इंचाचा नेफा शिवा. पाऊण इंची पीव्हीसी पाइप दहा फुटी मिळतो, तसे तीन आणा, ते कापून दोन उभे साडेसात फुटाचे आणि एक आडवा करा, कोपऱ्याला एल्बो, सोल्युशन लावू नका म्हणजे परत सुटं होतं. नुसतं उभं राहत नाही, टेबलाच्या मागच्या पायांना सुतळीनं बांधा. खिळा नको, टेप नको, टेप तर पावसाळ्यातल्या ओलसर भिंतीवर रात्रीतून सुटतो. आणि समई, निरांजन हँगिंगपासून हात-दीड हात लांब. सॅटिन नुसतं जळतच नाही, वितळून गळतं पण.

परभणीची_सून
बापरे किती सांगितलंत सगळ्यांनी, धन्यवाद 🙏 ग्लू गन कॅन्सल. पदर अख्खा वर, मधे इरकलीच्या पट्ट्या, कडेला खणाच्या कोयऱ्या. पाइप हे उद्या आणतेत. एकच शंका, टेबल अडीच फूट उंच आहे तर हँगिंग पार खाली जमिनीपर्यंत न्यायचं का?

अंबाजोगाईची_काकू
नाही गं, टेबलाच्या पुढं आपण साडी लावतोच, खालचं कोण बघतंय. टेबलाच्या पृष्ठभागापासून वर ५ फूट मोज, आणि चार बोटं जास्त धर, शिवताना आटतं.

वाकळवाली_धाराशिव
आणि ताई, खणाचे तुकडे उरले तर मला ठेवा, कुरिअरचे पैसे मी देते 😄