मदत हवी आहे : 'बर्टविसल' आडनावाचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात राहते. शेजारच्या आजींचं माहेरचं आडनाव बर्टविसल. पुढच्या महिन्यात त्या नव्वदीच्या होतील, तेव्हा त्यांना या नावाची नीट लिहिलेली हकीकत द्यायची आहे.

इतकं कळलंय, की हे गावावरून पडलेलं आडनाव. पॅडिहॅमजवळचं ते गाव आता उरलेलं नाही. जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' म्हणजे पाखराचं पिल्लू आणि 'ट्विस्ला' म्हणजे दोन प्रवाह मिळतात ती बेचकी. म्हणजे आपल्या संगमनेरकरांचंच भावंड की! एंटविसल, ऑस्वाल्डट्विसल ही इथली गावंही त्याच 'ट्विस्ला'ची. पुढे लोकांना त्यात पाखराची शीळ ऐकू आली आणि कुणी 'बर्डविसल' लिहू लागलं. देहबोलीचे अभ्यासक रे बर्डविसल यांचं नाव त्यातलंच. संगीतकार हॅरिसन बर्टविसल (१९३४-२०२२) मात्र इथल्याच अ‍ॅक्रिंग्टनचे.

आजींच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर, फिकट तपकिरी शाईत, एकाच कुटुंबाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय. माझं अडतं ते इथेच. १८८१च्या जनगणनेत ही सगळी रूपं एकत्र शोधायची कशी? कापड गिरण्यांच्या काळात ही माणसं कुठे कुठे पांगली, ते परगण्यांनुसार मांडता येईल का? चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायची सवय असलेलं कुणी आहे का इथे? पानाचा फोटो पाठवते, एक शब्द मला लागतच नाहीये.