कोल्हापूरच्या घरातले प्लग बदलायचेत, वायरमन म्हणतोय सगळे बोर्ड मॉड्युलर करा

प्रेषक: शाहूपुरीची, सध्या लीड्स

नमस्कार मंडळी,
कोल्हापूरला कुणाच्या घरी अलीकडे वायरिंगचं काम झालंय का? आई-बाबा शाहूपुरीत तळमजल्यावर राहतात, वायरिंग घर बांधलं तेव्हाचीच आहे, २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी आत आलं होतं, तेव्हा बोर्ड उघडून वाळवले, काही बटणं बदलली आणि लाईट चालू केली. आता गीझरचा पॉवर पॉइंट काळा पडलाय, प्लग हाताला गरम लागतो, आणि आई म्हणते वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात. ती हे अगदी सहज सांगते, "होतंय की तसं" म्हणून, आणि मला इथे झोप लागत नाही.

ओळखीचा वायरमन बघून गेला. त्याचं म्हणणं सगळे बोर्ड काढून मॉड्युलर बसवू, प्रश्नच मिटेल. बाबा तयार आहेत. पण बाहेरची प्लेट बदलल्यावर मशीनच्या मुंग्या कशा थांबणार हे मला कळेना. त्याला फोनवर नेमकं काय विचारू?

---

प्रेषक: उद्यमनगरचे काका, मँचेस्टर

अगं, आधी आईला फोन कर. मेनमधून गीझरचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडतो तो स्विच) पाडायचा, मग तो प्लग काढायचा, आणि वॉशिंग मशीन काम होईपर्यंत वापरायचं नाही. बाकीचं पुढं वाच.

तुझ्या घरात दोन वेगळे बिघाड आहेत आणि वायरमन दोन्हीला एकच औषध देतोय. प्लग काळा पडतो तो बहुतेक वेळा सैल जोडामुळे, म्हणजे आतला स्क्रू ढिला असतो नाहीतर सॉकेटमधली पितळी पकड पसरलेली असते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा असेल तर १३, आणि करंट दुप्पट झाला की त्या सैल जागेची उष्णता चौपट होते, म्हणून पंख्याच्या बटणाचा जोड ढिला असला तरी वर्षानुवर्षं कळत नाही आणि गीझरचा एका हिवाळ्यात जळतो. हा सॉकेट बदलायलाच पाहिजे, १६ अँपिअरचा (आपल्याकडे दुकानात अजून १५ चाच म्हणतात), आणि त्याच्याबरोबर गीझरचा प्लग टॉपही, कारण जळकी पिन नव्या सॉकेटात घातली की तोही महिन्या-दोन महिन्यांत तसाच होतो. वायरचं काळं, कडक झालेलं टोक कापून आत चांगलं तांबं लागेपर्यंत सोलायला सांग. मागची वायर किती जाडीची ते विचार. गीझरला कमीत कमी २.५ स्क्वेअर एमएम तांबं पाहिजे, मोठा असेल तर ४. तिथं लाईटची १ किंवा १.५ ची वायर निघाली तर नवीन सॉकेट लावून काहीही उपयोग नाही, मेनपासून वेगळी लाईन ओढायची आणि तिला स्वतःचा एमसीबी द्यायचा.

आता मुंग्या. मशीनच्या आत एक फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट कायम पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जातो, तशीच त्याची रचना आहे. अर्थिंग तुटलेलं असेल तर तो पत्रा अधांतरी राहतो, त्यावर सप्लायच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं, टेस्टर लावला की पेटतो, आणि आईचा ओला हात लागला की करंट तिच्यातून जमिनीत जातो. आज तो थोडा आहे म्हणून मुंग्या. उद्या मोटरचं नाहीतर हीटरचं इन्सुलेशन गेलं तर त्याच पत्र्यावर पूर्ण फेज येईल. तेव्हा वायरमनला पहिला प्रश्न मॉड्युलरचा विचारूच नको, विचार की तिसऱ्या मोठ्या पिनची हिरवी वायर कुठवर जाते, आणि अर्थिंगचा खड्डा घराच्या कुठल्या बाजूला आहे.

---

प्रेषक: शिवाजी पेठ, हल्ली बर्मिंगहॅम

ताई, आमच्या पेठेतल्या जुन्या घराचं काम भावानं करून घेतलं, मी इकडून फोनवर, म्हणून दोनचार गोष्टी सांगतो. आमच्यात निम्मी वायरिंग अॅल्युमिनियमची निघाली आणि मधेच कुणीतरी तांब्याचे तुकडे नुसतं पीळ मारून जोडलेले, वर टेप. तांबं आणि अॅल्युमिनियम असं थेट जोडलं की जोड गंजतो, सैल होतो आणि तापतो, तेही भिंतीच्या आत, म्हणजे वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. तुमच्यात पाणी दोनदा शिरलंय म्हटल्यावर पाइपात गाळ बसलेला असणार. बोर्ड उन्हात वाळतो हो, पण सॉकेटच्या आत बसलेला गाळ आणि पितळेवर चढलेला गंज वाळून जात नाही. पुराच्या पाण्याखाली गेलेला प्रत्येक सॉकेट, बटण, एमसीबी काढूनच टाकायचा, चालतोय म्हणून ठेवायचा नाही. एवढ्यापुरतं वायरमनचं बरोबर आहे.

आणि एक, प्लेट बसवायच्या आधी उघड्या बोर्डाचा फोटो मागा, प्रत्येक बोर्डाचा. भावाला मी सांगितलंवतं की फोटो आल्याशिवाय पुढचा बोर्ड नाही. वायरमनला सुरुवातीला राग आला, पण नंतर स्वतःच दाखवायला लागला की बघा कसं केलंय, आणि काम खरंच चांगलं केलं त्यानं.

---

प्रेषक: शाहूपुरीची, सध्या लीड्स

काका, दादा, दोघांचेही आभार. आईनं मशीन बंद ठेवलंय, कपडे हाताने धुतीय त्यामुळे माझ्यावर जरा नाराज आहे.

वायरमनला विचारलं. खड्डा कुठं आहे ते बाबांनाही आठवत नाही, मागच्या बोळात होता म्हणतात, तिथं आता फरशी आहे. तर वायरमन म्हणाला खड्ड्याची गरजच नाही, सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनला लूप करतो, मुंग्या लगेच थांबतील. आणि इएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, नको म्हणाला, जुन्या घरात सारखा पडतो, तुम्हीच वैतागून काढायला सांगाल. हे बरोबर आहे का?

---

प्रेषक: उद्यमनगरचे काका, मँचेस्टर

नाही. हे त्याला अजिबात करू देऊ नकोस, बाबांना आत्ता फोन करून सांग.

मुंग्या थांबतील हे खरं आहे आणि म्हणूनच ते वाईट आहे, कारण सगळ्यांना वाटतं काम झालं. उद्या त्या लाईनचा न्यूट्रल कुठंही सुटला, ढिला झाला, की मशीनमधून फिरून आलेला फेज त्या तुकड्यातून सरळ पत्र्यावर येतो, पूर्ण २३० व्होल्ट. एमसीबी पडणार नाही, कारण त्याला जास्त करंट दिसतच नाही. मशीन बंद पडलं म्हणून आई बघायला जाणार आणि हात लावणार. मी उद्यमनगरात कामाला होतो तेव्हापासून हा लूप बघतोय आणि दर वेळी स्वतः काढायला लावलाय.

आता इएलसीबी, म्हणजे हल्लीचा आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाईन तोडतो. जुन्या घरात तो सारखा पडतो याचा अर्थ कुठंतरी करंट गळतोय, नाहीतर दोन लाईनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. ते शोधायचं असतं, आणि शोधायला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर असतो, ५०० व्होल्टचा. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थकडे मोजायचं, एक मेगाओमच्या खाली आलं तर ती वायर बदलायची. पुरात भिजलेल्या पाइपांतल्या वायरी यात हमखास सापडतील. इंग्लंडात निदान प्रत्येक प्लगच्या आत फ्यूज असतो. आपला गोल पिनांचा प्लग ब्रिटिशांच्याच जुन्या पद्धतीचा, त्यात फ्यूज नाही, मग सगळी भिस्त मेनवर, म्हणून तिथं काटकसर नको.

खड्डा नवीन घ्या. बोळातली एक फरशी काढली की होतं, कॉपर बाँडेड रॉड जमिनीत अडीच-तीन मीटर ठोकायचा, वर झाकण ठेवायचं म्हणजे पुढे तपासता येतं. शाहूपुरीसारख्या सखल भागात ओल चांगली असते, मुरमाड टेकाडावरच्या घरांना त्रास जास्त. नंतर मल्टिमीटरनं बघायचं: फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रलइतकंच यायला पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे व्होल्ट. हे साधं तपासणं झालं, खड्ड्याचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरनं वेगळा मोजून घ्या.

आणि भिंत फोडणारच असाल तर २०२१ च्या पाण्याची खूण कुठवर आहे बघा आणि सॉकेट त्याच्या वर घ्या, जिथं जमेल तिथं. मीटर आणि मेन बोर्डाचं आधी बघा, पण मीटर हलवायचा तर महावितरणकडे अर्ज करावा लागतो, तो वायरमननं हलवायचा नसतो. वरच्या मजल्याची लाईन वेगळी करून घ्या म्हणजे खाली पाणी आलं तरी खालचं तोडून ठेवता येतं. शेवटी त्याचा परवाना विचार आणि परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट माग. खरंच परवाना असेल तर तो चिडणार नाही.

---

प्रेषक: शिवाजी पेठ, हल्ली बर्मिंगहॅम

काकांच्या म्हणण्यात एक भर. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दोनतीन महिन्यांनी एकदा दाबून बघायला बाबांना सांगा, दाबल्यावर पडला नाही तर बदलायचा. आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की तळमजल्याची लाईन तेव्हाच बंद करायची तयारी ठेवायची, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

---

प्रेषक: शाहूपुरीची, सध्या लीड्स

बाबांशी बोलले, वायरमनशीही. त्याच्याकडे परवाना नाही, पण ज्या ठेकेदाराकडे तो काम करतो त्याचा आहे, ते स्वतः येऊन बघणार आहेत. आधी अर्थिंग, आरसीसीबी, गीझरची नवीन लाईन आणि भिजलेले सॉकेट, हे पावसाळ्याच्या आधी. वरच्या खोल्यांचे मॉड्युलर बोर्ड दिवाळीनंतर, पैसे उरले तर.

काका, रविवारी सकाळी अकराला ते बोर्ड उघडणार आहेत, म्हणजे आपले पहाटेचे साडेसहा. व्हिडिओ कॉलवर याल का? मला समोर दिसलं तरी काय बघायचं ते कळणार नाही.

---

प्रेषक: उद्यमनगरचे काका, मँचेस्टर

येतो. ठेकेदारांना मेगर घेऊन यायला सांग, आणि आईला म्हणावं त्या दिवशी फ्रिज रिकामा ठेव, लाईट बराच वेळ जाईल.