जुन्या मशिनवरच्या आर्क-एलझेडएच फायली सरसकट झिप कराव्यात का?

खटपट्या
माझं मत: कराव्यात, आणि त्या जुन्या मशिनवरच कराव्यात. माझं ८०८८ प्रोसेसरचं डॉस मशिन आहे, ४.७७ मेगाहर्ट्झचं. हार्ड डिस्कवर आर्क, झू, एलझेडएच, एआरजे अशा, फायली दाबून एकात भरणाऱ्या जुन्या पद्धतींची नुसती सरमिसळ. प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा, स्विच (कमांडसोबत द्यायचे पर्याय) वेगळे, दर वेळी मदतीचा स्क्रीन उघडून बघा. परवा एक छोटी युटिलिटी हाती लागली. ती फाइल तात्पुरत्या डिरेक्टरीत उलगडते, झिप करते आणि मूळ पुसते. रात्री लावून झोपायचं, सकाळी सगळं एका साच्यात. यात नवीन काहीच नाही. १९८८ मध्ये आर्कवाल्या कंपनीने, पुढे झिप काढणाऱ्या फिल कॅट्झवर दावा लावला, १९८९ मध्ये झिप आलं आणि बीबीएसवाल्यांनी (मोडेमने फोनवरून जोडायचे फाइलसाठे चालवणाऱ्यांनी) आपले साठेच्या साठे असेच बदलून घेतले.

शंकासुर
"मूळ पुसते" इथेच मी अडकलो. माझ्याकडच्या अशाच एका युटिलिटीने उलगडताना डिस्क भरली तरी एररलेव्हल (प्रोग्रॅम फसला का ते डॉसला सांगणारा आकडा) तपासलाच नाही. अकरापैकी सहा फायलींची झिप बनवली आणि आर्क उडवली. कळलं तीन महिन्यांनी. आणि बीबीएसवाल्यांचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. झिप करताना कित्येकांनी आपापली जाहिरातीची टेक्स्ट फाइल आत कोंबली. आज एकाच प्रोग्रॅमच्या पाच झिप मिळतात आणि मूळ लेखकाने नेमकं काय दिलं होतं ते ओळखता येत नाही.

काळा पडदा
पण ८०८८ वर कशासाठी? आजच्या मशिनवर दोन मिनिटांचं काम. सगळं उलगडा, झिप करा, फ्लॉपीवर टाका.

खटपट्या
@काळा पडदा, करून बघितलंय का? आजची झिप डिफ्लेट नावाच्या दाबण्याच्या पद्धतीची असते. पीकेझिप या डॉसच्या झिप प्रोग्रॅममध्ये ती आली १९९३ च्या सुमारास, दोन-पॉइंट-शून्य मालिकेबरोबर. माझ्याकडे १.१० आहे, त्याला ती वाचता येत नाही. वर लांबलचक नावं डॉसच्या आठ-अधिक-तीन अक्षरांत कापली जातात आणि पहिली आठ अक्षरं सारखी असली की एक फाइल दुसरीवर बसते. माझ्या मशिनवर केलेली झिप माझ्या मशिनवर उघडणारच.

काळा पडदा
मग न दाबता नुसती भरून ठेवायची झिप करा, ती १.१० लाही उघडता येते. नावांचं म्हणाल तर आर्कमधली नावं आधीपासूनच आठ-अधिक-तीन असतात, ती कशाला कापली जातील?

खटपट्या
नावांचं मान्य, ते आर्कला लागू नाही. पण न दाबलेली झिप ३६० के फ्लॉपीवर मावणार कशी?

सात मेगाहर्ट्झ
तुम्ही सगळे डॉसमध्येच अडकलात. अमिगा कॉम्प्युटरवर एलएचए आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलचे प्रोटेक्शन बिट (वाचायची, चालवायची परवानगी वगैरे सांगणाऱ्या खुणा) आणि फाइलनोट (फाइलला जोडलेली टीप) असतात. तीच पीसीवर उलगडून झिप केली की हे सगळं सहसा उडतं. एस बिट, म्हणजे फाइल स्क्रिप्ट असल्याची खूण, गेला की स्क्रिप्ट नुसत्या नावाने चालत नाही, दर वेळी आधी एक्झिक्यूट लिहावं लागतं.

मॅकचं तर विचारूच नका. जुन्या मॅकवर एका फाइलचे रिसोर्स फोर्क आणि डेटा फोर्क असे दोन भाग असत. ६८००० प्रोसेसरच्या काळातल्या मॅक प्रोग्रॅमचा सगळा कोड रिसोर्स फोर्कमध्ये असतो, डेटा फोर्क बहुधा रिकामा. स्टफइटची (मॅकवरची दाबून भरायची पद्धत) फाइल फोर्क न समजणाऱ्या साधनाने उलगडली की शून्य बाइटची फाइल मिळते. झिप व्यवस्थित बनते, सीआरसी (फाइल बिघडली का ते ताडणारा आकडा) जुळतो, टेस्ट पास होते. शून्य बाइटचा सीआरसीसुद्धा बरोबरच येतो ना! फाइल कसली ते सांगणारा चार अक्षरांचा टाइप आणि ती कोणत्या प्रोग्रॅमची ते सांगणारा चार अक्षरांचा क्रिएटर गेला की उरलेल्या फायलीही डबल क्लिकला दाद देत नाहीत. म्हणून मी झिप करतच नाही. मॅकचं स्टफइटमध्ये, अमिगाचं एलएचएमध्ये, जिथलं तिथे.

शंकासुर
+१. सीआरसीचा मुद्दा नेमका आहे. तो आत गेलेलं नीट निघालं एवढंच सांगतो. आत काय जायला हवं होतं ते त्याला कुठून ठाऊक?

खटपट्या
@सात मेगाहर्ट्झ, मॅक-अमिगाचं पटलं. मी डॉसपुरतं बोलत होतो, शीर्षकात "सरसकट" लिहायला नको होतं. डॉसच्या आर्कमध्ये नाव, आकार, तारीख आणि सीआरसी, तोही १६ बिटांचा. यातलं झिपमध्ये काय हरवतं ते कोणी सांगा.

शंकासुर
उलगडणाऱ्याने तारखा राखल्या तर काही नाही. तुमची युटिलिटी राखते का?

खटपट्या
आत्ता बघितलं. आतल्या फायलींच्या राखते. झिपला मात्र आजची तारीख देते, तीही १९८० ची, कारण मशिनला घड्याळच नाही. पीकेझिपला ओ स्विच दिला की झिपला आतल्या सगळ्यात नव्या फाइलची तारीख मिळते. बॅच फाइलमध्ये तो घातला, पुसण्याची ओळ काढली आणि एररलेव्हलची तपासणी टाकली. मूळ आर्क वेगळ्या फ्लॉप्यांवर जातील. झिप मात्र करणारच.

काळा पडदा
त्या फ्लॉप्यांची इमेज (हुबेहूब प्रत) तरी आजच्या मशिनवर घ्याल ना?

खटपट्या
ती घेईन. तेवढ्यापुरतं तुमचं मशिन चालेल.