३१ जानेवारीनंतर महिन्याने ३ मार्च? पीएचपीचं हे वागणं पटत नाही

अर्धविराम
पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेला २०२५ची ३१ जानेवारी द्या आणि 'प्लस वन मंथ' म्हणा. हाती ३ मार्च पडतो. आतला हिशेब असा: महिन्याचा आकडा एकने वाढवला, झाली ३१ फेब्रुवारी. अशी तारीखच नाही, म्हणून २८च्या पुढचे तीन दिवस मार्चमध्ये ढकलले. लीप वर्षात २ मार्च येतो. आता मासिक वर्गणीची बिलं अशी काढा. फेब्रुवारी कोरडा जातो, आणि मूळ तारखेत दोन महिने मिळवले की ३१ मार्च. म्हणजे मार्चमध्ये दोन बिलं! मायएसक्यूएल या डेटाबेसला हेच विचारलं तर ते मुकाट २८ फेब्रुवारी देतं. जावा भाषेचं 'प्लसमंथ्स'ही तसंच. महिनाअखेरीला थांबणं हेच डीफॉल्ट, म्हणजे वेगळं न सांगता होणारं वागणं हवं.

सेमीकोलनवाला
साफ असहमत. 'महिना' हे मापच नाही, २८ ते ३१ दिवसांमधलं काहीही. ते किती धरायचं हे तुमच्या करारात लिहिलेलं असतं, भाषेने का ठरवावं? शिवाय थांबण्यातही गोची आहेच. ३१ जानेवारीची २८ फेब्रुवारी केली, त्यात पुन्हा एक महिना मिळवला की २८ मार्च. गिऱ्हाईक कायमचं २८ तारखेला चिकटलं. तेही नकळत. ३ मार्च निदान डोळ्यांत खुपतो, चाचणीत सापडतो. महिनाअखेर हवी असेल तर 'लास्ट डे ऑफ नेक्स्ट मंथ' पीएचपीच्या ५.३ आवृत्तीपासून आहे, ते लिहा.

अर्धविराम
ते १५ जानेवारीलाही २८ फेब्रुवारीच देतं, त्यामुळे आधी अट घालावी लागते. पीएचपीत तारखा हाताळणाऱ्या कार्बन लायब्ररीला 'ॲडमंथनोओव्हरफ्लो' हे महिनाअखेरीला थांबणारं फंक्शन वेगळं द्यावं लागलं ते उगाच नाही. २८ला चिकटण्याचं म्हणाल, तर तो दोष साखळीचा. दर वेळी मूळ तारखेपासून मोजा, मार्चमध्ये ३१ परत येते. तुमच्या ३ मार्चला मात्र मूळ तारखेपासून मोजूनही फेब्रुवारी मिळत नाही.

रिकामा_लूप
+१ अर्धविराम. (एक महिना नव्हे, नुसतं अनुमोदन.)

जुना_कोडर
एवढा काथ्याकूट कशाला? महिने सोडा, दिवस मोजा. टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे १९७०पासूनच्या सेकंदांच्या आकड्यात, तीस वेळा ८६४०० (एका दिवसाचे सेकंद) मिळवले, विषय संपला. वर्षानुवर्षं चाललंय.

झोनकरीण
घड्याळं मागेपुढे होत नाहीत तिथे चाललंय, एवढंच. न्यूयॉर्कची वेळ घ्या: ८ मार्च २०२५, रात्रीचे ११:३०. त्यात ८६४०० सेकंद मिळवले की १० मार्चचे मध्यरात्रीनंतरचे १२:३० वाजतात. ९ तारीख गायब, कारण घड्याळं तासभर पुढे गेल्याने तो दिवस २३ तासांचा होता. तिथे 'प्लस वन डे'च हवं. आणि टाइमस्टॅम्प ३२ बिटी (ठरावीक आकड्यापर्यंतच मावणाऱ्या) खणात ठेवत असाल तर १९ जानेवारी २०३८ला तो भरतो; वीस वर्षांची मुदत मोजणाऱ्यांच्या तारखा आजच त्यापलीकडे जातात.

खरं तर तुम्हा सगळ्यांना एक विचारायचंय: पुढची भेट यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, का साठवता? घडून गेलेल्या गोष्टीला यूटीसी उत्तम. पण पुढच्या वर्षीचे 'सकाळी दहा' म्हणजे यूटीसीत किती, हे आज पक्कं नसतं. तुर्कस्तानने २०१६मध्ये उन्हाळी वेळच बारमाही केली. आधी यूटीसीत नोंदवलेल्या तिथल्या हिवाळी भेटी त्या एका निर्णयाने तासभर सरकल्या. सामोआने तर ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळला. स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव साठवा, यूटीसी ऐनवेळी काढा.

सेमीकोलनवाला
झोनचं मान्य. आणि जाता जाता: पीएचपीच्या साध्या 'डेटटाइम'वर 'मॉडिफाय' चालवलं की मूळ तारीखच बदलते. अर्धविराम मूळ तारखेपासून मोजा म्हणतात, पण ती शाबूत राहिली तर ना! त्यासाठी मूळ तारीख न बदलणारं 'डेटटाइमइम्यूटेबल' २०१३ला ५.५मध्ये आलं. डीफॉल्ट बदलायच्या मी अजूनही विरोधात. आजच्या उत्तरावर उभी असलेली जुनी बिलं कोण निस्तरणार?

अर्धविराम
जुनं वागणं मोडू नका, 'मंथ'शेजारी थांबणारा दुसरा शब्द द्या. ३ मार्चला 'महिन्याने' म्हणायला मी तयार नाही.