मदत हवी आहे: घरकामासाठी कॉर्डलेस ड्रिल, १२ व्होल्टचं की १८?

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. भिंती विटा-चुन्याच्या, हातभर जाड. मागची खोली तेवढी नंतर बांधलेली, काँक्रीटची. आजवर शेजारच्या काकांचं वायरचं ड्रिल मागून आणायचो. परवा पडद्याचा रॉड लावताना वायरीत पाय अडकून स्टुलासकट खाली आलो. आईचं फर्मान निघालं: आता स्वतःचं घे, बिनवायरचं.

कामं किरकोळच. ६ आणि ८ मिमीची भोकं, फळ्या, बिजागऱ्यांचे स्क्रू. बजेट पाच-सहा हजार.

दुकानात '२० व्होल्ट मॅक्स'चं फार कौतुक झालं. घरी येऊन वाचलं तर तीही १८ व्होल्टचीच बॅटरी! लिथियमचे पाच सेल, पूर्ण चार्ज झाल्या झाल्या २०, एरवी १८. असो. स्क्रूसाठी १२ पुरेल, हाताला हलकंही. पण विटेसाठी हॅमर मोड (फिरता फिरता ठोकेही देणारा) हवा, आणि तो प्रत्येक १२ व्होल्टवाल्यात नसतो.

खरी अडचण काँक्रीटची. १८ व्होल्टच्या हॅमर ड्रिलने त्यात ८ मिमीचं भोक निघतं का, की तेवढ्यापुरतं एसडीएसवालं रोटरी हॅमर (काँक्रीटसाठीचं, जास्त जोरात ठोके देणारं यंत्र) भाड्याने आणू? महिन्यातून एखाद्या रविवारच्या कामाला ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरचे जास्त पैसे मोजावेत का? दुसरी बॅटरी लगेच घ्यावी का?

आणि हो, चुन्याच्या भिंतीत भोक भसाभसा मोठं होतं, स्क्रूचा प्लग ढिला बसतो. तिथे हॅमर बंद ठेवून पाडायचं का? कुणी केलं असेल तर सांगा.